निळ्या गाडीची फेरमोजणी

निमतानदार म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. मोजणी खात्यात माझ्यासारखा भूमापक शेत मोजतो, हद्दीचे दगड दाखवतो आणि एस.टी. पकडून निघून येतो. ज्याच्या विरुद्ध हद्द गेली तो मग अर्ज करतो, की हा माणूस चुकला आहे, विकला गेला आहे किंवा त्याला धड दिसत नाही. त्या अर्जावर जो दुसऱ्यांदा शेतावर जातो आणि पहिल्याची मोजणी तपासतो, तो निमतानदार. थोडक्यात, सगळ्यांच्या चुका काढायला आमच्या खात्यात एक माणूस पगारावर ठेवलेला असायचा. वाशीमच्या कचेरीतला माणूस पगार न देताही हेच करत बसला असता.

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं, तेव्हा मी साताऱ्याकडून बदली होऊन वाशीमला आलो. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. लोखंडी सामान आणि रंग विकणाऱ्या एका जैन शेटजींच्या घरात, अंगणाला लागून भाड्याच्या दोन खोल्या होत्या. एक मला मिळाली. दुसरीत हे निमतानदार राहत होते. मी सामान लावून बसतो न बसतो तोच ते दारात उभे राहिले. उंच, वाळका माणूस, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात पोलादी टेप.

"जयभीम," ते म्हणाले. "तुमची खाट तिरपी हाये."

मला वाटलं थट्टा करतात. त्यांनी टेप काढली, वाकून मोजलं. भिंतीपासून डोक्याकडे नऊ इंच, पायाकडे साडेसात.

"झोप लागते का?"

"लागते."

"मंग असू द्या. पन तिरपी हाये."

त्या रात्री मला झोप लागली नाही, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सकाळी उठून खाट सरळ केली, तेवढं मात्र त्यांनी खिडकीतून पाहिलं.

गावात त्यांना सगळे निमतानदार साहेब म्हणत. पाठीमागे काय म्हणत, ते लिहिण्यासारखं नाही आणि म्हणणाऱ्यांत मीही होतो. पहिल्या सहा महिन्यांत त्यांनी माझ्या चार मोजण्या पाडल्या. मलाच घेऊन शेतावर जायचे, मी रोवलेल्या दगडापाशी उभे राहायचे आणि विचारायचे, "हा दगड इथं काहून?" मी नकाशा काढायचो, खुणा दाखवायचो, घसा खरवडून बोलायचो. ते सगळं ऐकून घ्यायचे. मग साखळी ओढायला लावायचे आणि दगड दीड हात सरकवायचे. रागवायचे नाहीत, त्याचाच मला जास्त राग यायचा. परतीच्या एस.टी.त मी तोंड फुगवून बसलेला असलो की म्हणायचे, "तुमी बेइमान नाई. तुमी डोयानं पाह्यलं. डोया आपल्या बाजूनं पाह्यते, म्हनून मोजा लागते."

त्यांचा एक नियम होता. ज्याच्या घरी चहा प्यालो, त्याची हद्द मोजायची नाही. असले नियम आम्ही सगळेच सांगतो आणि बांधावर नारळाचं पाणी आलं की विसरतो. हे विसरत नव्हते. त्यात कुणाची हद्द कधी निघेल याचा नेम नसल्यामुळे ते कुणाकडेच चहा पीत नसत. लग्नाला जात नसत, बारशाला जात नसत. पत्रिका आली की तिच्या कोऱ्या बाजूवर आकडेमोड करत. रिसोडच्या बाजारात, मालेगावच्या स्टँडवर त्यांना ओळखणारी माणसं पावलापावलाला भेटत, नमस्कार घालत आणि पुढे जात. 'बसा साहेब' असं कुणी म्हणत नसे, कारण ते बसणार नाहीत हे सर्वांना ठाऊक झालं होतं.

शेलूबाजारच्या अलीकडे एका पाटलाच्या शेतात आम्ही गेलो होतो. एप्रिलचं ऊन. दुपारी पाटील स्वतः तांब्या आणि फुलपात्र घेऊन बांधावर आला. साहेबांनी हात जोडले आणि आपल्या पिशवीतली बाटली काढली. तिच्यातलं पाणी एव्हाना अंघोळीचं झालं असेल. पाटलाचा चेहरा उतरला. मला ते मुळीच आवडलं नाही आणि परत येताना मी तसं बोललो.

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माहा बाप गावाची शीव सांगे. दोन गावांचं भांडन निंगालं का त्याले बलावत. तो पुढं चाले, अन् तो चालला ती शीव. दोनी गावचे पाटील कबूल करत. अन् मंग तहान लागली का त्याले पानी वरून ओतत, ओंजयीत."

"आणि आज पाटील फुलपात्र घेऊन उभा होता," मी म्हणालो. "तुमच्या वडिलांसाठी तरी घ्यायचं होतंत."

"काहून? त्याची हद्द मोजाची होती ना आज."

तो पेला नाकारताना त्यांना किती जड गेलं असेल हे मला तेव्हा कळलं नाही. आता थोडंफार कळतं.

घरात ते एकटेच होते. बायको चार वर्षांपूर्वी गेली होती. मुलगा एकुलता एक, इंजिनियर होऊन इंग्लंडला गेला होता, तिथे मोटारींच्या कारखान्यात होता. सहा वर्षांत एकदाच आला, आईच्या वेळी, तोही सगळं आटोपल्यावर. वर्षाकाठी त्याची दोन-तीन पत्रं येत. साहेब ती उभ्याने वाचत आणि सरकारी कागदासारखी दोऱ्यात ओवून ठेवत.

खोलीच्या खिडकीशी त्यांनी जुनं फलक घेऊन मांडलं होतं. फलक म्हणजे आमचं मोजणीचं तिपायी टेबल. त्यावर एक निळी गाडी उभी असे. मी आलो तेव्हापासून ती तिथे होती. बोटाएवढी लांब, पुढे निमुळती, एकाच माणसाला बसायला जागा, बारीक आऱ्यांची चाकं. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी युरोपातल्या शर्यतींत धावणाऱ्या एका गाडीची ती प्रतिकृती होती. मुलगा शाळेत असताना कुठल्याशा जुन्या मासिकात त्याने त्या गाडीचं चित्र पाहिलं होतं आणि रद्द झालेल्या नकाशांच्या पाठीमागे तो तीच गाडी काढत बसे. तिकडे गेल्यावर त्याने कळवलं, की ती गाडी इथे एका संग्रहालयात खरोखरची उभी आहे, मी पाहिली. त्या पत्रापाठोपाठ खोका आला. त्यात गाडीचे सुटे भाग होते. मुख्य सांगाडा रेझिनचा, म्हणजे राळेसारखा पातळ पदार्थ साच्यात ओतून घट्ट केलेला, तुपासारखा पिवळट. बाकी चाकं, सुकाणू, धुराची नळी असले बारीक भाग मऊ धातूचे. पॉलिश कागदाने घासायचे, जोडायचे, रंगवायचे. साहेबांना त्यात चार महिने लागले होते. निळा रंग शेटजींच्या दुकानातला, दारांना देतात तो. त्यामुळे ती जगप्रसिद्ध गाडी आणि आमच्या खोल्यांची दारं एका रंगाची होती.

त्या गाडीबद्दल त्यांची एकच तक्रार होती. "येकास त्रेचायीस. हे कोनतं प्रमान झालं? येकास चायीस असते, पन्नास असते. या इंग्रजाईनं आपल्याले एवढं शिकवलं, अन् सोता त्रेचायीसवर गेले."

दुसरा खोका जानेवारीत आला, कचेरीच्या पत्त्यावर. टपाल आलं तेव्हा आम्ही सगळे होतो. साहेबांनी दोरी कापली नाही, गाठ सोडवली. कागद घडी करून ठेवला. झाकण उघडलं, आत पाहिलं, तोच आमच्यातल्या एकाने वाकून झाकणावरचं चित्र पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, हे तर मागच्या खेपेचीच गाडी. पोरगं इसरलं वाटते."

दोघंतिघं हसले. मीही हसलो असेन. साहेबांनी झाकण लावलं.

"इसरला नाई," ते म्हणाले. "कंपनी येगयी हाये."

संध्याकाळी ते माझ्या खोलीत आले. खुर्ची होती, तरी उभेच राहिले. "तुमी भूमापक हा. सांगा मले, येकाच शेताचे दोन नकाशे कोनी कवा पाठवते?"

"वाद असला की."

"कोनाकडं पाठवते?"

"निमतानदाराकडे."

"मंग," ते म्हणाले आणि गेले.

मुलगा विसरला होता. आपण बापाला काय पाठवलं, हे त्याच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. कचेरीला ते एका नजरेत कळलं होतं आणि साहेबांना आता ते मोजून खोटं पाडायचं होतं. मला त्यांची कीव आली आणि जरा संतापही आला, की जन्मभर दुसऱ्यांच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवणारा हा माणूस स्वतःच्या बाबतीत सरळ डोळे मिटून घेतो आहे. पण ते कामाला लागले, आणि त्यांना कामाला लागलेलं पाहिलं की संताप टिकत नसे.

दुसरी गाडी एका फ्रेंच कंपनीची होती. तिचं रेझिन राखाडी, गुळगुळीत. पहिलीच्या पोटात हवेचे बुडबुडे राहून बारीक भोकं पडलेली होती, हिच्यात एकही नव्हतं. जोडणीचा कागद मात्र सगळा फ्रेंच. तो घेऊन साहेब कॉलेजातल्या इंग्रजीच्या प्राध्यापकांकडे गेले. प्राध्यापकांनी तो उलटसुलट करून पाहिला, छपाई उत्तम आहे म्हणाले आणि परत दिला. साहेबांनी मग चित्रं पाहून गाडी जोडली, पण रंगवली नाही.

"रंग दिला का माप वाढते," ते म्हणाले. मग त्यांची नजर पहिल्या गाडीवर गेली आणि माझ्या लक्षात आलं, की आता काय होणार.

"ती राहू द्या," मी म्हणालो. "चार महिने घातलेत तुम्ही तिच्यावर."

"येकाले कपडे अन् येकाले उघडं, असं मोजत नाई."

पुढचा आठवडाभर, कचेरीतून आल्यावर उजेड असेपर्यंत, ते उंबऱ्यावर बसून दाढीच्या पात्याने निळा रंग खरवडत होते. शेटजी सूर्यास्ताच्या आत जेवायला घरी येत, ते जाता-येता थांबून बघत. "साब, इतका चांगला रंग व्हता," असं त्यांनी एकदा हळहळून म्हटलं. उंबऱ्यावर निळा भुगा साचला होता. साहेब तो कागदावर गोळा करत होते, का ते विचारायचं मला धाडस झालं नाही.

खरवडून झाल्यावर दोन्ही गाड्या फलकावर शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा फरक दिसू लागला. पितळी डिव्हायडरने त्यांनी पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर घेतलं. फ्रेंच गाडी दीड मिलिमीटरने लांब भरली.

"दीड मिलिमीटर," मी म्हणालो. "सोडा हो."

"गुनिले त्रेचायीस करा."

मी केलं. खऱ्या गाडीवर साडेसहा सेंटिमीटरला जरा कमी.

"साडेसा सेंटिमीटरसाठी या तालुक्यात कुऱ्हाडी निंगाल्या हायेत. मले सोडा म्हनता?"

आता दोघींतली खरी कोणती, हे ठरवायला मूळ माप हवं. मूळ गाडी मुलाच्या गावाजवळच्या संग्रहालयात. तेव्हा साहेबांनी कोऱ्या कागदावर स्वतः रेघा आखून, आमच्या नमुन्याबरहुकूम नोटीस लिहिली. सरकारी फॉर्म वापरणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. मला वाचायला दिली. 'आपण एकाच गाडीच्या दोन प्रती पाठवून वाद उपस्थित केला आहे. सबब बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मौजे वाशीम येथे फेरमोजणी होईल. आपण समक्ष हजर राहावे. येताना मूळ गाडीच्या चाकांमधील अंतर स्वतः मोजून आणावे. गैरहजर राहिल्यास मोजणी एकतर्फी करण्यात येईल.'

वाचताना मला हसू फुटलं आणि मधेच थांबलं. 'समक्ष हजर राहावे' याच्याखाली त्यांनी रेघ मारली होती. इतर कुठेही नाही. ये म्हणून साधं पत्र या माणसाला लिहिता येत नव्हतं. त्याला आयुष्यात हे एकच आमंत्रण लिहिता येत होतं.

"तो येईल?" मी विचारलं.

"अर्ज त्यानं केला. अर्जदाराले यावं लागते."

नोटीस विमानाच्या टपालाने गेली. महिन्याभराने चार ओळींचं उत्तर आलं, की यंदा सुटी कठीण आहे, दसऱ्याला जमतं का बघतो, मापाचंही बघतो. साहेबांनी कागदावर शेरा मारला, 'अर्जदाराच्या विनंतीवरून तहकूब'. आणि त्या दिवशी मला म्हणाले, "पाह्यलं? मापाचं बघतो म्हनते. म्हंजे त्याले वाद ठावूक हाये."

दसऱ्याची दुसरी नोटीस गेली. ठरल्या दिवशी साहेबांनी सकाळीच अंगण झाडून फलक मांडलं, पाणसळ लावून समतल केलं आणि बारापर्यंत इस्त्रीच्या शर्टात बसून राहिले. काहीच आलं नाही, माणूसही नाही आणि पत्रही नाही. त्यांनी शेरा मारला, 'नोटीस बजावली गेली किंवा कसे याचा बोध होत नाही, सबब तहकूब'. तिसरी तारीख डिसेंबरातल्या शेवटच्या रविवारची पडली. नाताळात तिकडे सगळं बंद असतं, असं त्यांनी कुठूनसं ऐकलं होतं.

दसऱ्याच्या त्या दुपारनंतर मला राहवेना. खोक्यावरचा पत्ता माझ्याकडे होता. मी मुलाला पत्र टाकलं. वडील दोन गाड्या घेऊन बसले आहेत, तुम्ही मुद्दाम पाठवल्यात असं धरून बसले आहेत, येता येत नसेल तर निदान माप तरी पाठवा. जरा तोडूनच लिहिलं होतं.

उत्तर डिसेंबरच्या मध्याला कचेरीत माझ्या नावावर आलं. अक्षर थेट साहेबांसारखं, सरळ आणि सुटं. 'एकच गाडी दोनदा गेली हे तुमच्या पत्रातून कळलं. दुकानात दिसली, पाठवली. आधी पाठवल्याचं खरोखर लक्षात नव्हतं. नोटिसा मला गंमत वाटल्या. संग्रहालयात मी एकदाच गेलो होतो, पुन्हा जाणं होत नाही. यायचं मनात येतं, पण येऊन आम्ही दोघांनी त्या खोलीत काय बोलायचं हे मला सुचत नाही. आमच्याकडे कधी कुणी आलं नाही, आम्ही कुणाकडे गेलो नाही. त्यांच्याशी बोलायची सवय मला लागलीच नाही. हे त्यांना सांगायचं की नाही, तुम्ही ठरवा.'

मी त्या मुलावर चिडलो. चार माणसांत त्याला काय काय बोलायचं, तेही मनात ठरवून टाकलं. त्याच दुपारी आठवलं, की साताऱ्याला माझ्या घरी मीही दोन महिने पत्र टाकलेलं नाही. पत्र खिशात घालून मी आठ-दहा दिवस हिंडत होतो. सांगायचं ठरवून साहेबांच्या दारापर्यंत जायचो आणि ते डिव्हायडरचं टोक दगडावर घासत बसलेले दिसले की परत फिरायचो.

रविवारी ऊन छान पडलं होतं. मोजणीला दोन पंच लागतात. एक मी, दुसरे शेटजी. शेटजी दुकान बंद ठेवून, धुतलेलं धोतर नेसून आले होते. अंगणात फलक, त्यावर दोन उघड्या गाड्या, एक पिवळट आणि एक राखाडी. साहेबांनी घड्याळ पाहिलं. आठ वाजले.

शेतावर त्यांची एक पद्धत होती. पक्षकार गैरहजर असला तर ते बांधावर उभे राहून त्याला तीन वेळा हाक मारत. तो मुंबईला असला तरी मारत. तीन हाकांनंतर पाव तास थांबत आणि मगच साखळी टाकत. तसे ते अंगणाच्या फाटकाशी गेले आणि गल्लीकडे तोंड करून त्यांनी मुलाला नावाने हाक मारली. पहिली हाक मोठी होती, शेतात मारतात तशी. समोरच्या घरातली बाई धुणं सोडून बघायला लागली. दुसरी हाक तेवढीच मोठी. तिसरी हाक मारताना त्यांनी नाव आखूड केलं. घरात पोराला हाक मारतात, तसं. शेटजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. साहेब पाव तास फाटकाशी उभे राहिले. गल्लीतून एक सायकल गेली, बाकी काही नाही.

मग आले आणि म्हणाले, "लिवा."

दोन वाजेपर्यंत आम्ही मोजत होतो. चाकांमधलं अंतर, चाकांचा घेर, बसायच्या जागेची रुंदी. इंजिनावरच्या पत्र्याला वारा खेळायला फटी होत्या, त्या इंग्रजाच्या गाडीवर तेवीस, फ्रेंच गाडीवर एकवीस. धुराची नळी एकीची मागच्या चाकाच्या अलीकडे संपे, दुसरीची पलीकडे. इंग्रजाच्या गाडीचं नाक किंचित डावीकडे कललेलं निघालं, साच्यातून काढताना वाकलं असावं. साहेब प्रत्येक माप दोनदा घेत आणि बोलत, मी लिहीत होतो, शेटजी माना डोलवत होते. शेवटी त्यांनी निष्कर्ष सांगितला. "फ्रेंच गाडी कामाले सरस. इंग्रज गाडी कामाले कच्ची. पन मूय माप उपलब्ध नाई, सबब खरी कोनती हे सांगता येत नाई."

मी लिहिलं. मला वाटलं, संपलं.

"वादाचं कारन," ते म्हणाले. तो आमच्या नमुन्यातला शेवटचा रकाना. "इथं अर्जदाराचा जबाब लागते. दुसरी प्रत काहून पाठवली. जबाबाशिवाय प्रकरन बंद होत नाई."

मी लेखणी धरून बसलो. त्यांनी दोन्ही गाड्यांवरून रुमाल फिरवला.

"तुमाले त्याचं पत्र आलं," ते म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं. कचेरीतलं टपाल काही लपत नसतं. आठ-दहा दिवस त्यांना माहीत होतं आणि ते माझ्या बोलण्याची वाट पाहत होते.

"आलं," मी म्हणालो.

"काय लिवलं?"

शेटजी माझ्याकडे बघत होते. मी खोटं बोलायचं असं ठरवलेलं नव्हतं. मी तोंड उघडलं आणि ते बाहेर आलं. "लिहिलंय, दोन्ही मुद्दाम पाठवल्या. दोन कंपन्यांच्या होत्या, खरी कोणती ते बाबांशिवाय कुणाला कळणार नाही म्हणून."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. तीस वर्षं त्यांनी दोन्ही बाजूंचं खोटं बांधावर उभं राहून ऐकलं होतं. कोण कुठे अडखळतो, कोण कुठे फार सरळ बोलतो, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं.

"मंग तसा जबाब लिवून द्या," ते म्हणाले.

त्यांनी कोरा कागद पुढे केला. मजकूर स्वतःच सांगितला, 'खाली सही करणार लिहून देतो की', आणि पुढचं मला लिहू दिलं. मी लिहिलं. शब्दाला शब्द, जसं बोललो तसं. माझं अक्षर तिरपं जात होतं. सही केली. शेटजींनी चष्मा लावून कागद वाचला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि साक्षीदार म्हणून खाली सही केली. ते नेमाधर्माचे गृहस्थ होते.

साहेबांनी जबाब दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना त्यांचं बोट 'बाबांशिवाय' या शब्दावर थांबलं आणि बराच वेळ तिथेच राहिलं. मग त्यांनी कागदाला टोच्याने भोक पाडलं, तो प्रकरणात ओवला, दोऱ्याची गाठ मारली आणि वर लिहिलं, 'निकाली'.

मूळ कागद हातात घेतल्याशिवाय त्यांनी आजवर कुणाचा जबाब मान्य केला नव्हता. एका म्हाताऱ्याला नुसत्या पावतीसाठी त्यांनी उन्हात परत गावी पिटाळलेलं मी पाहिलं होतं. मुलाचं पत्र माझ्या शर्टाच्या खिशात होतं. परदेशी तिकीट वर दिसत होतं आणि ते त्यांना दिसत होतं, कारण त्यांची नजर एकदा तिथे गेली आणि लगेच गाड्यांकडे वळली.

पत्र दाखवा, असं ते म्हणाले नाहीत.